पिलाची शिस्त

कुत्र्याच्या पिलाला शिस्त लावावयाची म्हणजे आधीं धन्यानें ती अंगीं बाणवावी लागते. वर्धेच्या काठीं, रुक्मिणीच्या माहेरीं कौंडण्यपुरास, आमच्या घरीं दोन महिन्यांचें एक गांवठी पिलूं आलें आहे. या वयांत त्याला फार वेळ लघवी आवरत नाहीं. तें झोपून उठलें, जेवलें, खेळलें, कीं लगेच अंगणांतल्या ठराविक जागीं न्यावें व काम होतांच शाबासकी द्यावी. तिला मिनिटाचा उशीर झाला, तर ती कशाबद्दल हें त्याला उमगत नाहीं. भाकरीचा तुकडा नाकावरून मागें नेला, कीं मान वर होऊन पिलूं आपोआप बसतें. 'बस' हा शब्द मागाहून शिकवावा.

शेजारी म्हणतात, "मास्तर, छडी दाखवा ना जी!" अशा वेळीं मला आदिपर्वांतील सरमेचें पिलूं आठवतें. यज्ञांतील हवीला त्यानें तोंडहि लावलें नव्हतें. तरी जनमेजयाच्या भावांनीं त्याला बडविलें. निरपराध लेंकराला कां मारलें, या सरमेच्या प्रश्नाला त्यांच्याजवळ उत्तर नव्हतें.

ज्याला नियमच ठाऊक नाहीं, तो अपराधी कसा? मार खाल्लेलें पिलूं घाण करणें सोडीत नाहीं. तें आपल्यादेखत करणें तेवढें सोडतें आणि कोठीचा अंधारा कोपरा शोधतें. वर्गांतील मुलें तरी निराळें काय करितात? म्हणून पहांटे तीन वाजतां विजेरी घेऊन मी अंगणांत उभा असतों. झोप मोडते खरी. पण पिलूं अजून मला भीत नाहीं.