फोन ठेवल्यावर

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या धर्मग्रामातील एक वृद्ध आजीबाई कचेरीत आल्या. वारस-फेरफाराच्या कामी त्यांना वडिलांच्या बाप्तिस्म्याची नोंद हवी होती आणि सुनावणी तीन आठवड्यांवर आली होती. वडिलांचे जन्मवर्ष कुणालाच ठाऊक नव्हते. त्या काळच्या नोंदवह्यांची शाई तर इतकी फिकट झाली आहे की पान उजेडाला धरले तरी नाव लागत नाही.

वह्यांची छायाचित्रे आम्ही आधीच काढून ठेवली होती. सुमारे साडेअकरा हजार पाने. प्रत्येक चित्र सरळ करून अक्षरे गडद करणारा एक प्रोग्राम धर्मग्रामातील संगणक अभियंता तरुणाने लिहून दिला. कचेरीतील जुन्या यंत्राला ते ओझे पेलेना, म्हणून दूरच्या शहरातला एक लिनक्स संगणक भाड्याने घेतला. एका पानाला दहा सेकंद, म्हणजे एकंदर बत्तीस तास. मी येथून एसएसएच वापरून त्याला जोडलो, आज्ञा दिली आणि पडद्यावर सरकणारे आकडे पाहून समाधानाने झोपी गेलो. मध्यरात्री वादळ झाले व वीज गेली. सकाळी पुन्हा जोडून पाहतो तो प्रोग्राम केव्हाच बंद पडलेला! वीज गेली होती ती माझ्या कचेरीची, त्या दूरच्या यंत्राची नव्हे. मग काम थांबावे ते तिथले का?

सेमिनरीत असताना कार्यकारणभावावर मी पुष्कळ कागद काळे केले आहेत. परंतु हा कार्यकारणभाव मला उलगडेना. तो तरुण हसून म्हणाला, “फादर, तुम्ही फोन ठेवलात!”

त्याचे म्हणणे अक्षरशः खरे होते. युनिक्सच्या आरंभीच्या काळात दूरचा माणूस मोडेम लावून टेलिफोनच्या तारेवरून संगणकाशी जोडला जाई. तार तुटली की संगणकाचा कर्नल ‘सिगहप’ नावाचा संकेत पाठवी. हा पहिल्या क्रमांकाचा संकेत. ‘हँग अप’ म्हणजे रिसीव्हर खाली ठेवणे, यावरून त्याचे नाव पडले. तो प्रथम आपल्या आज्ञा घेणाऱ्या शेलला मिळतो, शेल तो आपल्या हाताखालच्या प्रोग्रामना देतो, आणि ज्याने वेगळी तजवीज केलेली नाही असा प्रोग्राम तेथेच संपतो. यात अन्याय असा काही नाही. एकच यंत्र अनेकांनी वापरायचे, तर निघून गेलेल्या माणसाचे काम मागे बेवारस का चालू ठेवावे? मोडेम गेले, टेलिफोनची ती तारही गेली. संकेत मात्र राहिला.

दुसऱ्या खेपेस मी आज्ञेच्या शेवटी अँपरसँडचे चिन्ह लावून काम पार्श्वभूमीवर धाडले. आधी लहानशी चाचणी घेतली होती: ‘एक्झिट’ लिहून बाहेर पडलो, परत आलो, तर काम चालूच! त्या भरवशावर रात्री निश्चिंत राहिलो आणि पहाटे इंटरनेट तुटताच सारे पुन्हा बंद. या कोड्याने मला दोन दिवस छळले. उत्तर बॅश या शेलच्या वागणुकीत आहे. आपण रीतसर निरोप घेतला, तर बॅश सहसा मागच्या कामांना संकेत देत नाही. परंतु जोडणी तुटून संकेत तिच्याच हाती पडला, तर ती तो सर्वांना वाटून टाकते. माझी चाचणी खोटी नव्हती. ती भलत्याच दाराची होती.

मग ‘नोहप’ ही आज्ञा कळली. तिच्यासह सुरू केलेला प्रोग्राम तो संकेत कानाआड करतो आणि पडद्यावर जायचे ते लिखाण एका फाइलमध्ये साठते. काम आधीच सुरू झालेले असेल, तर बॅशमध्ये ‘डिसओन’ आहे. पण अशा कामाशी पुन्हा बोलता येत नाही. त्याने लिहिलेले तेवढे वाचावे. मला ते अपुरे वाटले. बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठातील ऑलिव्हर लाउमान आणि कार्स्टेन बोरमान यांनी 1987 साली ‘स्क्रीन’ तयार केला. निकोलस मॅरियट यांचा ‘टीमक्स’ 2007 चा. यांत पडदाच मुळी त्या दूरच्या यंत्रावर राहतो; आपण केवळ त्याच्याशी जोडले जातो आणि अलग होतो. कंट्रोल-बी, मग डी, की आपण बाहेर. ‘अटॅच’ म्हटले की पुन्हा त्याच ओळीवर.

तिसऱ्या खेपेस टीमक्समध्ये काम लावून मी एका अंत्यविधीसाठी नाशिकला निघालो. कसारा घाटातील बोगद्यांत जोडणी चारदा तुटली. इगतपुरीला पुन्हा जोडले, तो आकडा दीडशे पानांनी पुढे गेलेला! शेजारच्या प्रवाशाला ते सांगावेसे वाटले. पण तो झोपला होता.

ते दूरचे यंत्रच बंद होऊन पुन्हा सुरू झाले, तर मात्र टीमक्सही वाचत नाही. म्हणून झालेल्या पानांची यादी प्रोग्रामनेच लिहावी आणि पुढच्या खेपेस ती पाने वगळावीत, अशी दुरुस्ती त्या तरुणाकडून करून घेतली. खरे तर हे आधी करायला हवे होते. मला ते सर्वांत शेवटी सुचले. दोन रात्रींचे काम वाचले असते.

आजीबाईंच्या वडिलांची नोंद 1913 च्या वहीत सापडली, आडनावात एक अक्षर चुकलेली. सुनावणीच्या चार दिवस आधी दाखला तयार झाला. त्यांनी तो चष्म्याजवळ नेऊन दोनदा वाचला आणि धाकट्या भावासाठी आणखी एक प्रत मागितली.

टीमक्सचे ते सत्र मी बंद केलेले नाही. आता त्यात विवाहाच्या वह्या चालू आहेत.