डब्यात काय आहे ते आपल्या पोरांना कळू द्या

"मोबाईल आहे ना हातात, मग कॉम्प्युटर काऊन लागते?" गोंदिया जिल्ह्यातल्या कोणत्याही वस्तीत जा, हा प्रश्न ऐकू येतो. विचारणारे आपलेच असतात. त्यांना माझे उत्तर असे : एमएचटी-सीईटी 2019 पासून कॉम्प्युटरवर होते. जेईई, नेट, बँकेच्या परीक्षा तशाच. ज्या पोराने कधी माऊस धरला नाही, त्याची पहिली काही मिनिटे प्रश्न सोडवण्याऐवजी पडद्याशी झगडण्यात जातात. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या 75 व्या फेरीत (2017-18) देशातल्या शहरी कुटुंबांपैकी 23.4 टक्के घरांत कॉम्प्युटर होता, ग्रामीण घरांत फक्त 4.4 टक्के. ही सर्व जाती मिळून झालेली सरासरी आहे. आपल्या वस्तीत काय स्थिती असेल, हे दारोदार फिरणाऱ्या कार्यकर्त्याला मी सांगायची गरज नाही.

माझ्या भाचीने गोंदियाच्या कॉलेजात बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सला प्रवेश घेतला. घर गोरेगाव तालुक्यात, एसटीने रोजची ये-जा. बहिणीने बिडीच्या मजुरीतून आणि उन्हाळी धानातून 42,000 रुपये बाजूला काढले होते. आजी म्हणाली, "एवढ्या पैशात त म्हैस आली असती." आजीचे चूक नव्हते. म्हैस विकता येते, जुना कॉम्प्युटर कोणी घेत नाही.

लॅपटॉप का नाही, हे सगळ्यांनी विचारले. पोरगी वसतिगृहात राहणार असती तर मीही लॅपटॉपच घे म्हटले असते. ती घरून जाते, आणि घरात मागे दोन भावंडे शिकणारी आहेत. दुसरे कारण पैशाचे. आपल्या घरात पैसा धानासारखा हंगामाने येतो. चुकारे उशिरा मिळतात, शिष्यवृत्ती वर्ष संपता संपता खात्यात पडते. लॅपटॉपला सगळी रक्कम एकदम लागते, आणि त्यातला एक भाग गेला की अख्खे यंत्र दुरुस्तीला पाठवा. सुटे भाग जोडून केलेला डेस्कटॉप मात्र आपल्या मिळकतीच्या चालीने वाढवता येतो. म्हणून आम्ही एकच कसोटी ठेवली : जे पुढे बदलणे अवघड, त्यावर आज पैसा घालायचा, जे नंतर जोडता येते, ते नंतर.

गोंदियातल्या एका दुकानात आम्ही दोघी गेलो. दुकानदार आमच्याशी बोलण्याऐवजी मागे उभ्या असलेल्या माझ्या शाळकरी भाच्याशी बोलत होता. त्याने कागदावर इंटेल कोअर आय3 12100एफ लिहून दिला. भाची म्हणाली, "यात एफ आहे. मग डिस्प्ले कसा येईल?" एफ अक्षर म्हणजे प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नाही; वेगळे ग्राफिक्स कार्ड घेतल्याशिवाय मॉनिटरवर काहीच दिसणार नाही. त्या कागदावर कार्ड नव्हते. ते "बसवताना लागेल" म्हणून पुढे आले असते. आम्ही कागद घडी करून परत दिला आणि पुढच्या रविवारी नागपूरला, सीताबर्डीला गेलो. घेतले ते पक्क्या बिलावर, कारण बिल नसेल तर वॉरंटी मागायची कोणाकडे?

प्रोसेसर घेतला रायझेन 5 5600जी. सहा कोअर, ग्राफिक्स आतच, पंखा डब्यात सोबत. त्याचा एएम4 सॉकेट जुना आहे हे खरे. 2022 मध्ये एएम5 आला. पण नव्या सॉकेटला डीडीआर5 रॅमच लागते आणि मदरबोर्डही महाग. एएम4 वर 2017 पासून रायझेन प्रोसेसर येत आहेत, त्यामुळे पुढे जुना, स्वस्त भाग मिळण्याची शक्यता जास्त. मदरबोर्ड साधा ए520. रॅम 16 जीबीची एक पट्टी घेण्याऐवजी 8 च्या दोन, कारण आतले ग्राफिक्स रॅममधूनच आपली मेमरी घेते आणि दोन पट्ट्या असल्या की त्याला दोन वाटा मिळतात. 500 जीबीची एनव्हीएमई एसएसडी. रंगीत दिव्यांचे कॅबिनेट दुकानदाराने दोनदा दाखवले, भाचीने दोनदा नको म्हटले.

खरी घासाघीस झाली ती एसएमपीएसवर. कॅबिनेटसोबत "फुकट" येणारा पुरवठा आम्ही घेतला नाही आणि 80 प्लस प्रमाणपत्राचा 450 वॅटचा वेगळा घेतला. आमच्या गावात संध्याकाळी बल्ब पिवळा पडतो आणि रात्री अचानक पांढरा होतो. तिरोड्यात 3300 मेगावॅटचे औष्णिक वीज केंद्र आहे, त्याच जिल्ह्यातली ही गोष्ट. हलका एसएमपीएस जळाला की जाताना बोर्डालाही घेऊन जाऊ शकतो. 600 व्हीएचा यूपीएसही त्याच रकमेत बसवला. वीज गेल्यावर दहा-पंधरा मिनिटे मिळाली तरी काम सेव्ह करून मशीन बंद करता येते.

अर्थिंगबद्दल मात्र कोणीच दुकानदार बोलत नाही. आपल्या वस्तीतल्या कितीतरी घरांत तिसऱ्या पिनचे भोक असते, तार नसते. काही जण तर प्लगची तिसरी पिन तोडूनच लावतात. एसएमपीएसच्या फिल्टरमधून थोडा प्रवाह कॅबिनेटच्या पत्र्यावर येत असतो. अर्थिंग असेल तर तो जमिनीत जातो, नसेल तर हाताला झिणझिण्या येतात आणि घरचे म्हणतात, "कॉम्प्युटर करंट मारते, बंद कर." मी पाहिले आहे, अशा भीतीने घरातली यंत्रे कापडाखाली झाकून पडतात. म्हणून भाग आणायच्या आधी परवानाधारक वायरमन बोलावला, परसात खड्डा खणला, जस्ताचा मुलामा दिलेला पाईप, कोळसा, मीठ. हा खर्च कोणत्याही यादीत नसतो. यादी करणाऱ्यांच्या घरी अर्थिंग आधीच असते.

जोडणी घरीच केली. रायझेनच्या पिना प्रोसेसरच्याच पोटाला असतात, वाकल्या तर संपले. कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणाशी जुळवायचा आणि जोर अजिबात लावायचा नाही. भाचीने तो आपसूक बसू दिला. विंडोजचा क्रॅक टाकून देतो म्हणणारे पुष्कळ भेटले. आम्ही उबुंटू टाकले. सी आणि पायथनची प्रॅक्टिकल त्यावर होतात, लिबरऑफिस फुकट आहे, मराठीसाठी इनस्क्रिप्ट आहे.

एम.ए.ला पिएर बोर्द्यू वाचला होता. तो म्हणतो, यंत्र विकत घ्यायला पैसा पुरतो, पण ते आपलेसे करून वापरायला माणसाच्या अंगी मुरलेले सांस्कृतिक भांडवल लागते. आपल्याकडे योजना यंत्र देतात आणि तिथेच थांबतात. दुसरे भांडवल जमवायचे तर झाकण उघडावे लागते. ते आजवर ज्यांच्या घरी उघडले गेले, त्यांचीच पोरे आपल्याला दुकानात "तुम्हाला काय कळते" म्हणतात.

आता कडू बोलते. 14 एप्रिलला एका रात्रीच्या डीजेवर आपली मंडळे जे उधळतात, त्यात अर्धे मशीन उभे राहते. पुस्तकांसाठी राजगृह बांधणाऱ्या बाबासाहेबांची जयंती आहे ती. आमच्या मंडळाच्या बैठकीत मी हे मांडले तेव्हा एक जण म्हणाला, "ताई, पोरं डीजेसाठीच वर्गणी देतात." असेल. मग विहारात एक मशीन ठेवू, पोरांना ते उघडून पुन्हा जोडायला लावू आणि पुढच्या वर्षी त्यांनाच विचारू की वर्गणी कशासाठी. ठराव अजून झालेला नाही. दोघांनी जुनी मशीन देतो म्हटले आहे, एकाचा एसएमपीएस जळालेला आहे.

भाचीच्या कॅबिनेटमध्ये हार्ड डिस्कची जागा सध्या रिकामी आहे. खरिपाचे चुकारे आले की बघू.