रिकामी खोली

जर्मनीत ऱ्हाइन नदीजवळ क्रेफेल्ड नावाचं शहर आहे. रेशीम विणणारं शहर ही त्याची जुनी ओळख. मी मालेगावची, विणकराची मुलगी. म्हणून धाकट्या बहिणीकडे डुसेलडॉर्फला गेले तेव्हा तिच्या मियाँना म्हटलं, "राजवाडे राहू द्या, मला क्रेफेल्ड दाखवा."

तिथं विटांची दोन घरं शेजारी शेजारी उभी आहेत. हाउस लांगे आणि हाउस एस्टर्स. हेर्मान लांगे आणि योझेफ एस्टर्स हे दोघं रेशीम कारखानदार. मीस व्हान डेर रोह या वास्तुकारानं १९२८ ते १९३० या काळात त्यांच्यासाठी ही घरं बांधली. मीस स्वतः दगड घडवणाऱ्या कारागिराचा मुलगा. बाहेरून नक्षी नाही, कमान नाही. आत मात्र मोठमोठ्या काचा आणि बागेचा हिरवा उजेड. लांगे यांना आधुनिक चित्रं जमवण्याचा शौक होता. १९५५ पासून त्यांच्या घरात आणि १९८१ पासून एस्टर्स यांच्या घरातही समकालीन कलेची प्रदर्शनं भरतात.

१९६१ मध्ये यीव्ह क्लाइन या फ्रेंच कलावंतानं हाउस लांगेतली एक छोटी खोली नुसती पांढरी केली आणि रिकामी ठेवली. ती आजही जपलेली आहे.

"यात बघायचं काय, आपा?" बहिणीचे मियाँ हसले.

मला हसू आलं नाही. आमच्या घरात चार माग होते आणि उरलेल्या जागेत सात माणसं. अम्मी कांड्यांची टोपली सरकवून मुसल्ल्यापुरती जागा करायची. बी.एड.चा अभ्यास मी मागांच्या खडखडाटात केला. वीज गेली की माग थांबत, तेवढीच शांतता. पण मग वाचायला दिवाही नसे.

ते घर सुंदर आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तेही कापडाच्याच कमाईवर उभं राहिलं आणि आमचंही. एक विणून घेणाऱ्याचं, दुसरं विणणाऱ्याचं. उजेड, शांतता आणि एक मोकळा कोपरा, याला तिथं कला म्हणतात. माझ्या वर्गातल्या मुलांसाठी ती अभ्यासाची गरज आहे.

परतल्यावर वर्गात 'मेरा घर' हे चित्र काढायला दिलं. सगळ्यांनी उतरतं छप्पर, डोंगर आणि नदी काढली. माग एकाच्याही घरात नव्हता. मी म्हटलं, "बेटा, जे आहे तेही काढा. आणि जे हवंय, ते त्याच्या शेजारी."

एका मुलीनं चार माग काढले. त्यांच्या शेजारी एक चौकोन आखला आणि तो कोराच ठेवला.