मागे येणारा हात

हलक्या प्रशिक्षण विमानांच्या अपघातांत इंजिन, इंधन, हवामान, धावपट्टी अशी निरनिराळी कारणे नोंदली जातात, पण शेवटच्या काही सेकंदांत एक हालचाल पुन्हापुन्हा दिसते. जमीन अंगावर येते आहे असे वाटताच वैमानिकाचा हात विमानाचे नाक वर आणण्यासाठी स्टिक मागे ओढतो. सेसनात स्टिकऐवजी मोटारीच्या अर्ध्या चाकासारखे हँडल असते, ओढ तीच. तोल गेला की सावरायला माणूस ज्या उपजत वृत्तीने अंग मागे घेतो तीच वृत्ती इथे काम करते. विमानात ती घात करते, म्हणून विमान शिकवणे म्हणजे मोठ्या प्रमाणात हा हात आवरायला शिकवणे.

हा घात का होतो हे गिरगावातल्या गच्चीवर पतंग उडवणाऱ्याला लवकर पटेल. पतंगाला वाऱ्याशी किती कलून उभे राहायचे हे कन्नी ठरवते. ती चुकीची बांधली की वारा भरपूर असूनही पतंग चढत नाही, गोते खातो. विमानाच्या पंखाचेही तसेच आहे. पंख आणि समोरून येणारी हवा यांच्यातला कोन साधारण १५-१६ अंशांपलीकडे गेला की पंखावरून वाहणारी हवा पृष्ठभागापासून सुटते आणि पंखाची उचल एकदम घटते. यालाच स्टॉल म्हणतात. मोटारीचे इंजिन बंद पडते तसे काही यात नसते. इंजिन पूर्ण जोरात चालू असतानाही स्टॉल होतो.

शिकाऊ विद्यार्थी स्टॉलचा वेग पाठ करतो. पूर्ण वजनाच्या सेसना १५२ साठी, फ्लॅप वर असताना, तो सुमारे ४८ नॉट आहे. पण हा आकडा सरळ, समतल उड्डाणाचा. ६० अंश कलून उंची राखत वळले तर पंखांवरचा भार दुप्पट होतो आणि तोच वेग ६८ नॉटच्या आसपास जातो. स्टॉल होतो तो कोनामुळे, आणि कोन वाढवतो तो मागे येणारा हात. वेगाचे आकडे तोंडपाठ असणाऱ्यांचाही घात होतो तो इथेच.

सर्वांत दगाबाज जागा म्हणजे सर्किटचे, उतरण्याआधी धावपट्टीभोवती मारायच्या चकरेचे, शेवटचे वळण. धावपट्टीला समांतर, साधारण हजार फुटांवरून आलेले विमान उतरत उतरत बेसवर, म्हणजे धावपट्टीला काटकोनात, येते आणि तिथून फायनलला, म्हणजे धावपट्टीच्या रेषेत, वळते. बेसवर पाठीमागून वारा असला तर विमान मध्यरेषेच्या पलीकडे वाहवते. विद्यार्थ्याला जमीन जवळ दिसत असते, म्हणून जास्त कलायला तो धजत नाही आणि पायाने रडर दाबून नाक ओढून आणायला बघतो. नाक खाली झुकते. हात मागे येतो. आतल्या बाजूचा पंख आधी स्टॉल होतो आणि विमान गिरक्या घेऊ लागते. या गिरकीतून, स्पिनमधून, बाहेर पडायची रीत ठरलेली आहे: थ्रॉटल बंद, एलेरॉन मध्यावर, गिरकीच्या उलट बाजूचा पूर्ण रडर आणि स्टिक पुढे. समोर फक्त जमीन दिसत असताना स्टिक पुढे ढकलायची, हे अंगवळणी पडायला भरपूर उंचीवर कितीतरी वेळा करून बघावे लागते. फायनलच्या वळणावर मात्र हाताशी जेमतेम चार-पाचशे फूट असतात, आणि रीत ठाऊक असूनही ती पुरी करायला तेवढे पुरत नाहीत. म्हणून रेषा हुकली की वळण आवळायचे नाही, इंजिनाला पूर्ण ताकद देऊन पुन्हा चक्कर मारायची. यात कमीपणा नाही, हे पहिल्या आठवड्यात सांगितले गेले पाहिजे.

उड्डाणानंतर लगेच इंजिन बंद पडले तरी परीक्षा त्याच हाताची. नाक वर असते आणि वेग झपाट्याने उतरतो. नाक ताबडतोब खाली करून सेसना १५२ ला ६० नॉटवर तरंगत ठेवायचे आणि समोर जे मोकळे रान असेल तिथे उतरायचे. मागची धावपट्टी फार खुणावते. पण नुसते अर्धे वर्तुळ पुरत नाही, पुढे पट्टीच्या रेषेत येण्यासाठी उलट बाजूलाही वळावे लागते, आणि या वळणांत सगळी उंची खर्च होते. शेतात उतरून मोडलेल्या विमानातून माणसे चालत बाहेर येतात, कारण वेग कमी असतो आणि विमान आडवे असते. २५ जुलै २०२२ रोजी बारामतीहून निघालेले सेसना १५२ इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या शेतात कोसळले, तेव्हा आत एकटी असलेली शिकाऊ वैमानिक किरकोळ जखमांवर बचावली.

इंजिन बंद का पडते याची चौकशी बहुतेक वेळा टाकीपाशी सुरू होते. सेसना १५२ मध्ये वापरता येण्याजोगे पेट्रोल सुमारे ९३ लिटर. गेजवर विसंबायचे नाही, टाकीत डिपस्टिक घालून मोजायचे, हा जुना नियम आहे आणि तो मोडला जातो तो घाईच्या दिवशी. अर्धवट भरलेल्या टाकीत रात्रीच्या दमट हवेचे पाणी जमते. ते जड असल्याने तळाशी बसते. म्हणून सकाळी टाकीच्या तळातून थोडे पेट्रोल काचेच्या नळीत काढून बघायचे. विमानाचे पेट्रोल निळे असते, पाण्याचा थेंब तळाशी वेगळा चमकतो.

कोकणपट्टीच्या हवेत आणखी एक चोर असतो, कार्ब्युरेटरमधला बर्फ. बाहेर २५ अंश तापमान असताना बर्फ कसा जमेल, असे विद्यार्थ्याला वाटते. पण अरुंद नळीतून वेगाने जाणारी हवा आणि वाफ होणारे पेट्रोल मिळून आतले तापमान वीस अंशांहूनही अधिक खाली आणू शकतात, आणि हवेत बाष्प भरपूर असले की नळी आतून गोठते. पावसाळ्यातले जुहू यासाठी अगदी पोषक. लक्षण साधे आहे: थ्रॉटल न हलवता इंजिनाचे फेरे कमी होत जातात. कार्ब्युरेटरची गरम हवा वेळेत सोडली तर इंजिन थोडे खोकते आणि सुधारते. खोकल्याला घाबरून ती परत बंद करणारे असतात. तो खोकला वितळलेला बर्फ इंजिनातून निघून जात असल्याचा असतो.

इंजिनात ठिणगी पाडणारे प्लग आणि मॅग्नेटो यांना जुनी पिढी फार जपायची. बॉम्बे फ्लाइंग क्लब १९२८ सालचा, आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी तिथे शिकलेल्या जे. आर. डी. टाटा यांना परवाना मिळाला. पुढच्या वर्षी भारत-इंग्लंडदरम्यानच्या आगाखान पारितोषिकाच्या उड्डाणात इजिप्तमधल्या अबुकीरला त्यांना प्रतिस्पर्धी अस्पी इंजिनिअर प्लगअभावी अडकलेले भेटले. टाटांनी आपल्याजवळचा जादा प्लग त्यांना दिला. अस्पी आधी पोहोचले आणि पारितोषिक त्यांना मिळाले. ही गोष्ट दिलदारपणाची म्हणून सांगतात. शिकवणाऱ्याने तिची दुसरी बाजूही सांगावी: एवढ्याशा प्लगने एक विमान वाटेतच बसवून ठेवले होते.

विदर्भात शत्रू असतो उन्हाळा. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण हजार फुटांवर आहे. तिथे ४४ अंशांच्या दुपारी हवा इतकी विरळ होते की विमानाला आपण ४,७०० फुटांवर असल्यासारखे वाटते. धाव लांबते, चढण मंदावते, आणि झाडे जवळ येताना पाहून हात पुन्हा मागे येतो. सकाळी लवकर उडावे, आत बसणारे दोघे वजनदार असतील तर पेट्रोल कमी घ्यावे, एवढे उपाय पुष्कळ.

खाली उडण्याचा मोह हे वेगळे प्रकरण आहे. इथे चूक कौशल्याची नसते, मनाची असते. २६ एप्रिल २०१७ रोजी गोंदियाहून निघालेले प्रशिक्षण विमान नदीवर आडव्या ताणलेल्या तारेला धडकले आणि प्रशिक्षक व विद्यार्थिनी दोघांचाही जीव गेला. हवेतून तार दिसत नाही. दिसतात ते खांब, आणि तेही शोधले तरच.

ढगात शिरणे हा सह्याद्रीच्या आसपासचा मोठा धोका. क्षितिज नाहीसे झाले की कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा फसते. १९५४ साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात यंत्रांवरून उडण्याचे प्रशिक्षण न झालेल्या २० जणांवर प्रयोग झाला. बाहेरचे दिसेनासे झाल्यावर विमान हाताबाहेर जायला सरासरी १७८ सेकंद लागले. विमान कलून खाली घसरत असते, वैमानिकाला ते सरळ वाटते, तो नुसता मागे ओढतो आणि वळण आणखी आवळत जाते. घाटाकडचे ढग खाली उतरताना दिसताच परत फिरावे. तिथे थांबून विचार करायला जागा नसते.

संख्येने सर्वाधिक अपघात उतरताना होतात, आणि त्यांत माणसे सहसा मरत नाहीत, म्हणून त्यांच्याकडे पुरेसे लक्ष जात नाही. विमान आपटून उसळते, विद्यार्थी घाबरून स्टिक पुढे ढकलतो, पुढचे चाक आधी टेकते, विमान पुन्हा उसळते, आता हात मागे. तिसऱ्या उसळीला पुढच्या चाकाचा पाय मोडतो आणि इंजिनाचा पंखा जमिनीत घुसतो. विमान सावरण्याचे प्रयत्नच इथे उसळ्या वाढवतात. पहिल्याच मोठ्या उसळीला थ्रॉटल पूर्ण पुढे करून पुन्हा वर जावे. आडव्या वाऱ्याचेही तसेच. सेसना १५२ च्या पुस्तकात १२ नॉट आडव्या वाऱ्यात उतरून दाखवल्याचा उल्लेख आहे. ते कारखान्याच्या मुरलेल्या वैमानिकाने केलेले असते, वीस तास उडलेल्याने नव्हे.

शेजारी प्रशिक्षक असतो तेव्हा धोका वेगळा. नियंत्रण कोणाकडे हे मोठ्याने बोलून घ्यावे-द्यावे लागते. नाहीतर दोघेही समजतात की दुसरा उडवतो आहे. विद्यार्थ्याला चूक स्वतः सुधारू देण्यासाठी प्रशिक्षक थांबतो, आणि किती थांबायचे हा त्याच्या सगळ्या कामातला सर्वांत अवघड निर्णय असतो.

पैशाचे कारण अहवालात क्वचित येते, पण ते खरे आहे. व्यावसायिक परवान्याला २०० तास लागतात. फणसवाडीच्या चाळीतून, चर्नी रोडला लोकल पकडून शिकायला निघालेल्या मुलाच्या मागे घरातले दागिने आणि बँकेचे कर्ज असते. वारा वाढला तरी आजचा तास बुडू नये असे त्याला वाटते. त्याहून वाईट म्हणजे विमान जोरात आपटले तरी तो सांगत नाही. आपटल्याने पुढच्या चाकाचा आधार जिथे जोडलेला असतो, त्या इंजिनामागच्या पत्र्याला सुरकुती पडते. बाहेरून ती दिसत नाही, इंजिनावरचे काउलिंग काढून बघावी लागते. त्यासाठी कुणीतरी संध्याकाळी मेकॅनिकला एवढेच सांगायला हवे की आज जोरात बसले, कारण सकाळी सहाला त्याच विमानात दुसरे कुणी बसणार असते.