घाट उतरताना

आंबेनळी घाटाने एकदा माझा तोरा चांगलाच उतरवला. वडिलांची १९७२ सालची जीप घेऊन आम्ही महाबळेश्वरहून पोलादपूरकडे निघालो होतो. प्रतापगडाचा फाटा मागे पडला आणि ब्रेकवरचा पाय खोल खोल जाऊ लागला. मागे मुले, शेजारी सौभाग्यवती, समोर वळण! खालच्या गिअरच्या जोरावर कशीबशी थांबलो. तासाभराने चाके निवली, तेव्हा कुठे ब्रेक परत आला.

घरी आल्यावर मिस्त्रींनी उलगडा केला, "सर, ड्रम तापला की फुगतो आणि लायनरपासून लांब जातो. शिवाय उष्णता आत कोंडते. डिस्क उघड्या वाऱ्यात फिरते, लवकर निवते."

नुसती डिस्क बसवून मात्र भागत नाही. कॅलिपरला तेल जास्त लागते, म्हणून मास्टर सिलिंडरही मोठा हवा. ड्रमसाठी तेलाचा थोडा दाब धरून ठेवणारी झडप असते. ती डिस्कच्या वाटेत राहिली तर ब्रेक चिकटूनच राहतो. मिस्त्रींनी पुढची दोन चाके बदलायची ठरवली. उतारावर भार पुढेच येतो.

वडिलांच्या जीपला हात लावायला माझे मन धजेना. आई म्हणाली, "अरे, मागे नातवंडे बसलेली पाहून त्यांनीच आधी बदलले असते."

यंदा पुन्हा तोच घाट उतरलो, अर्थात खालच्याच गिअरमध्ये. त्याच वळणावर पाय ठेवला; जीप मुकाट थांबली. मुलांनी फराळाचा डबा उघडला. सौभाग्यवतींनी पहिला लाडू जीपच्या बॉनेटवर ठेवला.