६१७४ आणि माझा एम-थ्री

एम-थ्री दुसऱ्यांदा राहिला. घरी सांगितलं नव्हतं. रात्री रूम-पार्टनर म्हणाला, "तुझा सीट नंबर ३५२४ ना? अंक उतरत्या क्रमाने लिही, त्यातून चढत्या क्रमाने लिहिलेले वजा कर. उत्तरावर परत तेच."

३०८७, ८३५२, ६१७४. पुढे कितीही करा, ६१७४च! चारही अंक एकच नसले, की जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत हीच संख्या येते. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांनी हे शोधलं. हिच्या अंकांची बेरीज १८, आणि १८ने हिला पूर्ण भागही जातो. अशा संख्यांना 'हर्षद' हे नाव त्यांचंच.

सकाळी बाबांना फोन लावला. म्हणाले, "मग फॉर्म भर."

सात चान्स लागू नयेत, एवढंच!