चार कड्या कमी, एक ओरखडा जास्त

महागड्या दुकानात शिरलं की आपला आवाज आपोआप खाली येतो, हे तुमच्या कधी लक्षात आलंय का? मंडईत कोथिंबिरीच्या जुडीवरून हुज्जत घालणारे आपण, रिक्षावाल्याला मीटरकडे बोट दाखवणारे आपण. पण कुणी काचेचं दार उघडून धरलं, एसीचा गारवा लागला आणि हातात कॉफीचा कप आला की आपण एकदम पाहुणे होतो. पाहुण्यानं यजमानाकडे तक्रार करायची नसते, हे तर लहानपणापासून शिकलेलं. वरणात मीठ जास्त पडलं तरी 'छान झालंय हं काकू' म्हणायचं!

या पाहुणेपणाची किंमत किती असू शकते, ते मला गेल्या वर्षी कळलं. एक लाख अठरा हजार रुपये फक्त.

तर झालं असं. आई पोस्टातून रिटायर झाली. ३४ वर्षं नोकरी, त्यातली बहुतेक काउंटरमागे. आणि एवढी सगळी वर्षं मनगटावर एकच एचएमटी. रोज सकाळी चहा उकळेपर्यंत घड्याळाला चावी द्यायची, हा तिचा नेम. एचएमटीनं १९६१ साली जपानच्या सिटिझनबरोबर बंगलोरला घड्याळं बनवायला सुरुवात केली, त्यानंतर दोन-तीन पिढ्यांची लग्नं आणि पहिल्या नोकऱ्या या घड्याळांवर झाल्या. २०१६ साली सरकारनं एचएमटी वॉचेस बंद करायचा निर्णय घेतला. तेव्हापासून आईचं घड्याळ बंद पडलं की पेठेतल्या एका काकांकडे 'बघा हो, पार्ट मिळतोय का' करत चकरा सुरू.

मी आणि दादानं ठरवलं, आता आईला एक सॉलिड घड्याळ घ्यायचं. स्विस, स्टीलचं, ऑटोमॅटिक. दादा बंगलोरला आयटीत, त्याच्याकडे महिन्याच्या महिन्याला पगार येतो. मी फ्रीलान्सर. माझं पेमेंट कधी येणार हे पेमेंट करणाऱ्यालाही माहीत नसतं. तरी चौदा महिने बाजूला टाकून मी माझा अर्धा वाटा उभा केला. ऑटोमॅटिक का, तर ते हाताच्या हालचालीवर आपोआप चावी घेतं. 'म्हणजे मी सकाळी करू काय?' हा आईचा पहिला प्रश्न.

शनिवारची संध्याकाळ, पुण्यातला एक चकाचक मॉल, त्यातली तितकीच चकाचक शोरूम. नाव नको. आईचं मनगट बारीक, त्यामुळे चेनच्या चार कड्या काढाव्या लागणार होत्या. बिल झालं, मी घड्याळाचे झकास फोटो काढून दादाला व्हॉट्सअॅप केले, आणि काउंटरवरचा एक मुलगा घड्याळ घेऊन आत गेला. पंचविसेक मिनिटांनी बाहेर आला. घड्याळ आईच्या हातात बरोबर बसलं. आईनं मनगट उजेडात वळवलं आणि म्हणाली, 'हे काय?'

चेन जिथे घड्याळाला जोडते, त्या टोकाच्या कडेवर चारेक मिलिमीटरचा ओरखडा होता. चकचकीत भागातून निघून खालच्या मॅट भागात शिरलेला. शेजारच्या कडीतल्या स्क्रूची खाच चघळल्यासारखी झालेली. ३४ वर्षं पार्सलांवरचे पुसट शिक्के वाचलेली बाई ती, तिच्या नजरेतून काय सुटणार?

इथे जरा टेक्निकल होते. चामड्याच्या पट्ट्याला भोक पाडलं की काम झालं. स्टीलच्या चेनचं तसं नसतं. काही चेनमध्ये पिना असतात. कडीच्या आतल्या बाजूला बारीक बाण कोरलेला असतो, पिन त्याच दिशेनं बाहेर काढायची. महागड्या चेनमध्ये बहुधा स्क्रू असतात, आणि ते आपसूक सैल होऊ नयेत म्हणून आट्यांवर चिकट द्रव लावलेला असतो. स्क्रू-ड्रायव्हरचं पातं खाचेत अगदी नेमकं बसायला हवं, चिकटलेला स्क्रू आधी थोडा गरम करून सैल करायला हवा. पातं बारीक पडलं आणि जोर लावला की ते निसटतं. आणि निसटलेलं पातं जातं कुठे? सरळ घड्याळाच्या कडेवर. गंमत बघा, वरची काच सफायरची. कठीणपणाच्या मोह्स मापात हिऱ्याला १० आणि सफायरला ९. त्या काचेला सहजासहजी काही होत नाही. खालचं स्टील मात्र एका चुकार स्क्रू-ड्रायव्हरला शरण.

आता मॅनेजरसाहेबांची एंट्री. त्यांनी पाच मिनिटांत चार वाक्यं ऐकवली. तुमच्यावर वेळ आली तर तुम्हालाही हीच ऐकायला मिळतील, म्हणून उत्तरांसकट देते.

एक, 'मॅडम, हा आधीपासून असेल.' माझ्या फोनमध्ये अर्ध्या तासापूर्वीचे फोटो होते. वेळेसकट. विषय संपला.

दोन, 'वापरताना असे स्क्रॅच पडतातच.' पडतात ना. पण ते आमच्या वापरानं, आमच्या मनगटावर पडावेत. वापर सुरू व्हायच्या आधी दुकानात पडलेला ओरखडा 'वापरातला' कसा?

तीन, 'दहा मिनिटांत बफिंग करून देतो, कळणारही नाही.' हे सगळ्यात धोक्याचं. बफिंग म्हणजे ओरखडा भरणं नव्हे, आजूबाजूचं स्टील घासून ओरखड्याच्या पातळीला आणणं. त्यात धारदार कडा गोल होतात. आणि मॅट भागावरच्या एका दिशेच्या बारीक रेषा बफच्या चाकाखाली गेल्या की तिथेही चकाकी येते. त्या रेषा पुन्हा उमटवायच्या तर वेगळी हत्यारं आणि कसलेला हात लागतो.

चार, 'अॅडजस्टमेंट तर आम्ही फ्री देतो.' इथे माझ्या तोंडून आवाज फुटेना. फुकटच्या गोष्टीवर भांडायचं कसं? आजूबाजूला लोक बघत होते, कॉफी गार होत होती.

आईनं पर्स उघडली, पेन काढलं आणि विचारलं, 'तक्रारवही आहे का तुमच्याकडे?'

'मॅडम, तुम्ही मेल करा ना.'

'मेल मुलगी करेल. मला आत्ता एक कोरा कागद द्या.'

मग तिनं उभ्या उभ्या अर्ज लिहिला. तारीख, वेळ, बिल नंबर, घड्याळाचा नंबर, ओरखडा कुठे आणि किती, स्क्रू कुठला. एकही विशेषण नाही. 'निष्काळजीपणा', 'मनस्ताप' असले शब्द नाहीत. खाली सही. दुसरी प्रत काढून त्यावर दुकानाचा शिक्का आणि मॅनेजरची सही मागितली. ते म्हणाले, 'याची काय गरज?' आई म्हणाली, 'पोच घेतल्याशिवाय मी कागद देत नाही.'

ही पोच म्हणजे आमच्या केसमधला सचिन तेंडुलकर ठरली. कारण पुढचे तीन आठवडे शोरूमच्या मेलमध्ये आधी 'कथित ओरखडा' आला, मग 'ग्राहकाच्या म्हणण्यानुसार' आलं, आणि दर वेळी मी त्यांच्याच शिक्क्याचा फोटो पाठवत राहिले. त्यांच्या ऑफरही वाढत गेल्या. फ्री बफिंग, मग पाच हजारांचं व्हाउचर, मग पुढच्या खरेदीवर डिस्काउंट. पुढची खरेदी? एक लाख अठरा हजारांनंतर? फ्रीलान्सरकडून? आमची मागणी एकच. नवीन पीस द्या, नाहीतर पैसे परत.

या काळात मी कायद्याची पानं चाळली. 'फ्री' या शब्दानं माझी बोलती बंद झाली होती, तेच आधी बघितलं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू आहे. निष्काळजीपणामुळे ग्राहकाचं नुकसान झालं तर तो त्यात 'सेवेतली त्रुटी' धरला आहे. पूर्णपणे मोफत दिलेली सेवा मात्र या कायद्यातून वगळलेली आहे. पण चेन बसवून देणं हा लाखाच्या विक्रीचाच भाग, ती वेगळी समाजसेवा नव्हे, ही आमची बाजू. शिवाय १८७२चा भारतीय करार कायदा आहेच. आपली वस्तू विशिष्ट कामासाठी दुसऱ्याच्या ताब्यात दिली की त्याला कायद्याच्या भाषेत 'निक्षेप' म्हणतात. कलम १५१ सांगतं की ताब्यात घेणाऱ्यानं तिची काळजी, साधारण शहाणा माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची घेईल तेवढी घ्यायला हवी. टेलर असो, लाँड्री असो, घड्याळवाला असो. दीडशे वर्षं जुनं कलम, पण फंडा एकदम क्लिअर!

चौथ्या आठवड्यात मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. कोर्टकचेरीच्या आधी कंपनीकडे विषय नेऊन तडजोड होते का, ते ही हेल्पलाइन बघते. त्या तक्रारीचा नंबर मेलमध्ये टाकला आणि अकराव्या दिवशी शोरूमच्या मुंबई ऑफिसमधून फोन आला. 'मॅडम, आम्ही रिप्लेसमेंट देतोय.'

हुश्श! मला वाटलं, संपलं. पण खरी गोष्ट इथेच सुरू झाली.

आम्ही जुना पीस द्यायला गेलो, तेव्हा मॅनेजरसाहेब भलतेच गोड झाले होते. आम्हाला खूश करायला म्हणून म्हणाले, 'तुम्ही काळजी करू नका मॅडम, त्या मुलाच्या पगारातून कापून घेतोय आम्ही. पुन्हा असं करणार नाही.'

तो मुलगा तिथेच उभा होता. आईनं त्याला हाक मारली. 'किती दिवस झाले रे तुला इथे?'

'तीन महिने, काकू. आधी मोबाइलच्या काउंटरला होतो.'

'हे काम कुणी शिकवलं?'

त्यानं मॅनेजरकडे बघितलं आणि काहीच बोलला नाही. मग हळूच म्हणाला की दोन दिवसांचं ट्रेनिंग झालं होतं, आणि आतल्या टेबलावर सगळ्या घड्याळांना मिळून एकच स्क्रू-ड्रायव्हर आहे.

गाडीत बसताना मी म्हटलं, 'आई, आपलं काम झालंय. त्यांचं अंतर्गत ते बघतील.' आई म्हणाली, 'काउंटरवर बसून हिशेबात पाचशे कमी आले की रात्र कशी जाते, ते तुला नाही कळायचं. त्याच्या हातात चुकीचं हत्यार दिलं कुणी? आपलं भांडण दुकानाशी आहे.'

ती बरोबर होती, आणि कायदाही तिच्याच बाजूनं आहे. कामावर असताना नोकरानं केलेल्या निष्काळजीपणाची भरपाई ग्राहकाला द्यायची जबाबदारी मालकाची. ती कमी पगाराच्या पोरावर ढकलून मालकानं हात झटकले, तर आपण मिळवलेला 'न्याय' जरा विचित्रच नाही का? घरी आल्यावर रिप्लेसमेंटच्या मेलला उत्तर गेलं. शेवटचं वाक्य आईनं सांगितलं: 'या बदलीची वसुली संबंधित कर्मचाऱ्याच्या पगारातून होणार नाही, एवढं लेखी कळवावं. तसं कळल्यावरच नवीन घड्याळ स्वीकारू.'

मी सेंड करताना चार वेळा थांबले. माझे चौदा महिने त्या मेलवर टांगलेले होते. दोन दिवस उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी एका ओळीचं आलं: मान्य आहे.

नवीन पीस आला तेव्हा चेन कमी करायला सर्व्हिस सेंटरमधून एक बुजुर्ग कारागीर आले होते. त्यांनी आधी घड्याळाच्या कडांवर टेप चिकटवली. भिंग डोळ्याला लावून खाच बघितली, चार पाती काढून त्यातलं एक निवडलं, स्क्रू गरम केला. दोन्ही बाजूंच्या दोन-दोन कड्या काढल्या, म्हणजे बक्कल मनगटाच्या मधोमध येतं. आईनं त्या मुलाला शेजारी उभं करायला लावलं होतं. 'बघू दे त्याला. नाहीतर शिकणार कसा?' काढलेल्या चार कड्या तिनं मोजून घेतल्या आणि बिलाबरोबर पाकिटात ठेवल्या. नवीन घड्याळ आता रोज तिच्या हातात असतं. एचएमटीला सकाळी चावी दिली जाते, ती वेगळी.

आता तुमच्यासाठी थोडं कामाचं. भारी घड्याळ आत नेण्याआधी कडा, चेन आणि बक्कल यांचे फोटो काढा, शक्यतो त्यांच्यासमोरच. काम कोण करणार आणि समोर बसून बघता येईल का, हे बिनधास्त विचारा. काढलेल्या कड्या परत घ्या, त्या तुमच्या पैशांच्या आहेत. ओरखडा दिसला तर दुकानातच लेखी द्या आणि बफिंगला घाईनं हो म्हणू नका. ऐकलं नाही तर १९१५. त्यानंही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर तिथे जाता येतं, ५ लाखांपर्यंत फी नाही, वकील सक्तीचा नाही, आणि तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची.

बाकी एसीची हवा खा, कॉफी प्या, मॅनेजरशी गोड बोला. फक्त पोच घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका!